बॅटरी बसली म्हणजे काय झाले?



रात्रीपर्यंत बिनतक्रार चाललेली जीप पहाटे किल्ली फिरवताच 'टक्' एवढा एकच आवाज करते आणि गप्प बसते. अंगणात उभे असलेल्यांपैकी कोणीतरी लगेच निकाल देऊन टाकतो, "बॅटरी बसली!" निकाल ऐकताच मालक तालुक्याच्या गावी जातो, चार-सहा हजार रुपये मोजून नवी बॅटरी आणतो आणि काम झाले असे समजून निश्चिंत होतो. कित्येकदा तेवढ्याने खरोखरच भागते. परंतु कित्येकदा तीन-चार महिन्यांनी तोच 'टक्' आणि तोच निकाल पुन्हा ऐकू येतो. तेव्हा 'बॅटरी बसली' या दोन शब्दांचा अर्थ तरी काय, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. बॅटरी रिकामी होणे ही एक गोष्ट, बॅटरी मरणे ही दुसरी, आणि बॅटरी धडधाकट असूनही तिची शक्ती इंजिनापर्यंत न पोहोचणे ही तिसरी. तिन्हींचे लक्षण एकच, उपाय मात्र तीन. पैसा वाया जातो तो या तिन्हींची गल्लत केल्यामुळे.

हा विषय आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाला विशेष लागू आहे. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन आपला जिल्हा नवा झाला, पण जिल्हा नवा झाला म्हणून घरापुढची वाहने काही नवी झाली नाहीत. अँबॅसडर आणि मारुती आठशे या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी त्या अजून आपल्या रस्त्यांवर भेटतात. संत्र्याच्या बागेतून माल वाहणारे जुने पिकअप आणि डिझेलच्या जीपा यांची तर गणतीच नको. हीच गाडी बाजाराला जाते, हीच लग्नाला जाते, आणि रात्री-अपरात्री घरात कोणाला जास्त झाले तर नागपूरची वाट धरावी लागते तीही हिच्याच भरवशावर. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे, सौंसरहून त्यापेक्षा पुष्कळ जवळ. पण गाडी जागची हललीच नाही, तर अंतराचा हिशेब काय कामाचा?

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. रांजणात जसे पाणी, तशी बॅटरीत वीज भरलेली असते असे आपण समजतो. वस्तुतः आत वीज साठवलेली नसते. आत असतात ती वीज निर्माण करू शकणारी रासायनिक द्रव्ये. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे एकाच पेटीत ओळीने मांडलेली सहा लहान घरे. प्रत्येक घरात शुद्ध शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात, आणि त्या पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एका घरातून दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब मिळतो. सहा घरांचा मिळून साडेबाराच्या थोडा वर. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमू लागते, आणि अ‍ॅसिडाचा अंश प्लेटांत गेल्यामुळे उरलेला द्रव पाण्यासारखा पातळ होत जातो. इंजिन चालू झाल्यावर उलट दिशेने वीज आत सोडली की ते सल्फेट विरघळते आणि अ‍ॅसिड पुन्हा तीव्र होते. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही युक्ती शोधली. त्यानंतर बांधणीत सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु शिसे आणि गंधकाम्ल यांचा संसार तोच राहिला.

या देवघेवीत एक मेख आहे. खरकटे भांडे लगेच विसळले तर सहज निघते. तेच दोन दिवस वाळू दिले तर घासणीलाही दाद देत नाही. सल्फेटाचे तसेच आहे. ताजे आणि मऊ आहे तोवर ते विरघळते. बॅटरी अर्धी रिकामी ठेवून आठवड्यांमागून आठवडे जाऊ दिले, तर त्याचे कठीण खडे बनतात, आणि ते प्लेटांना कायमचे चिकटून बसतात. जी बॅटरी केवळ रिकामी होती, ती अशा रीतीने मरते. नव्या बॅटरीला अकाली मरण येते ते पुष्कळदा याच मार्गाने.

आता जमाखर्च पाहू. शाळेतल्या सातवीच्या मुलालाही सुटेल असे हे गणित आहे, पण गाडीचे मालक ते क्वचितच करतात. इंजिन फिरवणारी जी विजेची मोटर, जिला आपण सारे 'सेल्फ' म्हणतो, ती लहान पेट्रोल गाडीत दीडशे अँपिअरच्या आसपास वीज ओढते. डिझेल जीपमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक. आकडा भयंकर वाटतो, पण काम तीन सेकंदांचे. दीडशे गुणिले तीन म्हणजे साडेचारशे अँपिअर-सेकंद. तासाच्या मापाने हे एका अँपिअर-तासाचा केवळ आठवा हिस्सा झाले. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा खर्च किरकोळ आहे, आणि चालत्या इंजिनाने तो काही मिनिटांत भरून निघतो. याउलट पुढचे दोन मोठे दिवे मिळून सुमारे दहा अँपिअर घेतात. इंजिन बंद ठेवून ते तीन तास जळत राहिले, तर तीस अँपिअर-तास गेले. बॅटरी जवळजवळ कोरडी! मांडवापुढे गाडी उभी करून उजेडासाठी दिवे लावून ठेवणारी हौशी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून हा हिशेब सांगितला. बॅटरी रिकामी झाली की आपण सेल्फला दोष देतो, पण तो बिचारा बहुतेक वेळा निरपराध असतो.

रिकामी करणाऱ्या कारणांपेक्षा मारणारी कारणे अधिक गंभीर. आपल्या हवेत बॅटरीचा खरा वैरी कोणता, असे विचारले तर बहुतेक लोक थंडी असे सांगतील. खरा वैरी ऊन आहे. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. हा वेग उपयोगी क्रियेचा वाढतो तसा नासाडीचाही वाढतो. प्लेटांची शिशाची जाळी गंजते, पाणी वाफ होऊन उडते, नुसत्या उभ्या बॅटरीतील शक्तीही भराभर झिरपून जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात उभ्या केलेल्या किंवा नुकत्याच घाट चढून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तो त्याहून कितीतरी वर असतो. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट दुपारी चढून वर थांबावे आणि बॉनेट उघडून पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते हाताला कळेल.

असे असून दोष थंडीवर का जातो? कारण उन्हाळ्यात अर्धमेली झालेली बॅटरी गरम इंजिनाला कशीबशी फिरवीत राहते. दिवाळीनंतर गारठा पडला की इंजिनातील तेल घट्ट होते, सेल्फला जोर अधिक लागतो, आणि नेमकी त्याच वेळी थंडीने बॅटरीची ताकद घटलेली असते. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी बाहेर पडतात, तेव्हा एखादी तरी गाडी चार जणांनी ढकलावी लागते. सारे थंडीला नावे ठेवतात. प्रत्यक्षात मरण मे महिन्यात ओढवलेले असते, पंचनामा तेवढा डिसेंबरात होतो. म्हणून बॅटरीची तपासणी दरवर्षी दोनदा तरी व्हावी: एकदा होळीच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वी, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, गारठा पडण्यापूर्वी.

दुसरे मारक कारण म्हणजे आळस. गाडीचा नव्हे, आपला. आंबिया बहार उतरला, मृग बहारही बाजारात गेला, की मालवाहू पिकअप कडुनिंबाखाली महिना-दोन महिने उभा राहतो. उभ्या बॅटरीची शक्ती आपोआप घटत असते, आणि गरम हवेत हे घटणे दर महिन्याला डोळ्यांत भरण्याइतके असते. मग मालकाला आठवण होते. तो येऊन पाच मिनिटे गाडी जागच्या जागी सुरू करतो, धूर काढतो आणि बंद करतो. या पाच मिनिटांत सेल्फने घेतलेले कदाचित परत येत असेल, पण महिनाभरात गेलेले काही परत येत नाही. गाडी उभीच ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी. ते शक्य नसेल तर बॅटरीची बॉडीला जोडलेली तार सोडून ठेवावी आणि महिन्याने एकदा बॅटरी चार्जिंगला लावावी. हे सर्वांत स्वस्त औषध आहे.

आता मुख्य प्रश्न. तो पहाटेचा 'टक्' ऐकू आला, तर तिघांपैकी कोणता दोष आहे हे ओळखावे कसे? यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे, आणि तो काही शे रुपयांत मिळतो. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याने तो बाळगावाच, असे माझे आग्रहाचे मत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दिवे न लावता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर त्याच्या तारा टेकवा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. शाळेत शंभरपैकी नव्वद गुण आणि ऐंशी गुण यांत फरक थोडा. येथे मात्र साडेबारा आणि बारा या दोन आकड्यांत दिवस-रात्रीचे अंतर आहे. केवळ 'बारा व्होल्ट दाखवतो, म्हणजे ठीक आहे' असे म्हणणारे हमखास फसतात.

दुसरी परीक्षा सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने काटा पाहावा. दाब खाली येणारच; परंतु तो साडेनऊ व्होल्टांच्या खाली कोसळला, आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती, तर तिच्यात दम उरलेला नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर ही परीक्षा घेऊन तिला मृत ठरवणे हा अन्याय आहे. उपाशी मुलाला शर्यतीत धाववून तो दुर्बळ आहे असे म्हणण्यापैकीच तो प्रकार. आधी चार्जिंग, मग परीक्षा, हा क्रम सोडू नये.

तिसरी परीक्षा इंजिन चालू असताना. आता टर्मिनलांवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबारा-पावणेतेराच दिसत असतील, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा काम करीत नाही, आणि बॅटरी रोज उपाशी झोपते आहे. पंधराच्या वर जात असेल तर उलट संकट: बॅटरी उकळते आहे, तिचे पाणी आठवड्या-पंधरवड्याने कमी होईल आणि प्लेटा जळतील. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरी घालणे म्हणजे फुटक्या रांजणात नवे पाणी ओतणे होय.

ज्या बॅटरीला झाकणे आहेत, तिच्यासाठी मिस्त्रीकडील हायड्रोमीटर हे आणखी प्रामाणिक साधन आहे. काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढून ते पाण्याच्या किती पट जड आहे, हे त्यावर कळते. भरलेल्या बॅटरीत हे माप, कंपनीच्या प्रमाणानुसार, १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते, १.२० च्या आसपास आले म्हणजे ती निम्म्यावर आली, १.१५ च्या खाली गेले म्हणजे तळ गाठला. सहाही घरे सारखीच उतरली असतील तर बॅटरी बहुधा केवळ रिकामी आहे, तिला चार्जिंगला लावा. पाच घरे चांगली आणि एक घर फारच खाली असेल, तर ते घर गेले. आणि साखळीची एक कडी तुटल्यावर बाकीच्या पाच कड्यांचा उपयोग नाही. अशी बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नसते. झाकणे नसलेल्या बंद बॅटरीवर हिरवा डोळा असतो, पण तो सहापैकी एकाच घराची साक्ष देतो, हे विसरू नये.

तिन्ही परीक्षांत बॅटरी उत्तीर्ण झाली आणि तरीही गाडी सुरू होत नसेल, तर वाट तपासा. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी ही वाट अडवणारी पहिली गुन्हेगार. दुसरी म्हणजे बॉडीला जोडणारी तार, जिला 'अर्थ' म्हणतात. सौंसरकडच्या एका बागायतदार स्नेह्यांच्या जुन्या जीपमध्ये दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. प्रत्येक वेळी दुकानदाराने नवी देऊन जुनी ठेवून घेतली, आणि कोणीही मीटर लावून पाहिला नाही. तिसऱ्या खेपेला एका वयस्क मिस्त्रीने बॅटरीकडे ढुंकूनही न पाहता खाली वाकून इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी वेणीची पट्टी हलवली. ती गंजून तिचे मोजके धागे तेवढे शाबूत राहिले होते. पट्टी बदलली, जागा घासून पत्रा चकचकीत केला, नट आवळले, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. खर्च बॅटरीच्या विसाव्या हिश्श्याइतकाही आला नसेल. पहिल्या दोन बॅटऱ्या बहुधा धडधाकट अवस्थेतच भट्टीत गेल्या. ही तपासणी मीटरनेही होते: सेल्फ मारताना मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थाकडील टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवले तर दोष बॅटरीत नाही, वाटेत आहे.

फार जुन्या गाड्यांसंबंधी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. त्यांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो, आणि डायनॅमो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. बैलगाडीच्या मागे-मागे दिवे लावून हळूहळू येणारी अशी जीप वाटेत बॅटरी भरत नसते, खात असते. दुसरे, इंग्रजी घडणीच्या काही जुन्या मोटारींत आजच्या उलट, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. नवा मिस्त्री सवयीने ऋण टोक बॉडीला जोडतो आणि डायनॅमोची अवस्था बिघडवतो. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी कोणते टोक कोठे होते हे कागदावर लिहून ठेवावे किंवा फोनवर छायाचित्र घ्यावे.

निगा राखणे सोपे आहे. झाकणाच्या बॅटरीत उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने पाणी पाहावे. प्लेटा बुडून वर बोटाच्या एका पेराहून थोडे कमी, किंवा पेटीवर रेघ असेल तर त्या रेघेपर्यंत, द्रव असावा. कमी पडते ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे. म्हणून भरायचे ते डिस्टिल्ड पाणीच. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि ते प्लेटांचे नुकसान करतात. घरातील फिल्टरचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी ते डिस्टिल्ड नव्हे. 'ताकद वाढावी' म्हणून वरून अ‍ॅसिड ओतणाऱ्या माणसाच्या हाती आपली बॅटरी देऊ नये. टर्मिनलवरची बुरशी खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने धुवावी, झाकणे मात्र घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर अ‍ॅसिडच मारले जाईल. मग कोरडे करून, टर्मिनल आवळून, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. बॅटरीला दाबून धरणारी लोखंडी पट्टी सैल असेल तर खडबडीत वाटेवर प्लेटा हिंदकळतात आणि त्यांवरचा लेप झडतो. पुष्कळ बॅटऱ्या अशा केवळ एका नटापायी जातात.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि तो ठिणगीने भडकतो. तेथे विडी-काडी नको, खोली बंद नको, आणि झाकणातून आत पाहण्यासाठी काडी पेटवणे तर मुळीच नको. दुसऱ्या गाडीवरून तार लावून गाडी सुरू करतानाही, धन टोक धन टोकाला आणि ऋण चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडल्यावर, ऋण तारेचे शेवटचे टोक बसलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून लांब पडते. हा नियम आजच्या गाड्यांचा आहे. बॉडीला धन टोक जोडलेल्या जुन्या मोटारीला जाणत्या मिस्त्रीवाचून दुसऱ्या गाडीची तार लावूच नये. अ‍ॅसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तसेच डॉक्टर गाठावे.

इतके करूनही बॅटरी एक दिवस संपणारच. तीन-चार वर्षे नीट चालली तर आपल्या हवेत तिने कर्तव्य केले असे मानावे. बदलताना पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. जुन्या बॅटरीवरील अँपिअर-तास पाहून तेवढ्याच मापाची घ्यावी; धन टोक डावीकडे की उजवीकडे हेही जुळवावे, नाहीतर तार पोहोचत नाही आणि मग ती ओढून-ताणून बसवतात. 'जरा मोठी टाकू, जास्त टिकेल' हा सल्ला मोहक आहे, पण भरण्याची व्यवस्थाच दुबळी असेल तर मोठी बॅटरी फक्त मोठी उपासमार भोगते. पेटीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो दुकानदाराला वाचून दाखवायला सांगावे. सहा-आठ महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी नव्याच्या भावाने घेऊ नये. पैसे देण्यापूर्वी मीटर लावावा आणि साडेबाराहून कमी दिसल्यास आधी चार्ज करून मागावी. विजेची हमी तोंडी नको, कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा.

काढताना बॉडीला जोडलेले टोक प्रथम सोडावे, आणि बसवताना ते सर्वांत शेवटी जोडावे. कारण असे की पाना दुसऱ्या टोकावर असताना चुकून पत्र्याला लागला आणि अर्थ जोडलेला असला, तर एका क्षणात शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. पाना लाल होतो. हातातील कडे किंवा अंगठी आधी काढून ठेवावी.

आणि आता त्या जुन्या बॅटरीविषयी, जी बहुतेकांच्या मते भंगार असते आणि संपते. लहान गाडीच्या बॅटरीतसुद्धा कित्येक किलो शिसे असते. शिसे पुनः पुन्हा वितळवून वापरता येते, आणि योग्य कारखान्यात ते तसे केले जाते. म्हणूनच तिला भंगारातही चांगला भाव येतो. परंतु तीच बॅटरी एखाद्याने उघड्यावर कुऱ्हाडीने फोडली, अ‍ॅसिड नालीत ओतले आणि शिसे चुलीवर वितळवले, तर त्याची धूळ-धूर आसपासच्या मातीत बसतो. त्या मातीत मुले खेळतात. शिशाचे विष मुलाच्या मेंदूला बाधते, बुद्धीची वाढ खुंटते, आणि शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक असे जागतिक आरोग्य संघटनेने मानलेले नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचा अंदाज दिला आहे, त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातील. आणि त्याच्या मोठ्या कारणांत अशा बेबंद भट्ट्यांची गणना केली आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून काहीच ध्यानात न राहणाऱ्या मुलाला आपण मठ्ठ म्हणतो, तेव्हा त्याच्या घरामागे काय वितळवले जाते हे आपण विचारलेले नसते.

जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घ्याव्यात असा नियम आपल्या देशात २००१ पासून झाला, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या गोळा करून योग्य रीतीने गाळण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्यावी. दारावर येणारा भंगारवाला पन्नास-शंभर रुपये अधिक देऊ करील. तो ती कोठे नेणार हे त्याला विचारून पाहावे. दुकानापर्यंत नेताना बॅटरी उभी ठेवावी, झाकणे घट्ट असावीत, खाली जुना टायर किंवा प्लास्टिकचा टोपला घ्यावा, आणि त्या खेपेला मुलांना मागे बसवू नये. अ‍ॅसिड आधी जाम नदीच्या पात्रात किंवा संत्र्याच्या आळ्यात ओतून पेटी हलकी करण्याचा उद्योग कोणी करू नये. दुकानदार बॅटरी भरलेलीच घेतो.